चौथा झिरा

कोपराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीची कड सुटली होती आणि तिच्याखाली लाल धूळ शिरली होती—तीनशे किलोमीटरची धूळ, काचा बंद असल्या तरी शिरते ती—आणि मेव्हिस नखाने ती कड सोलत, पुन्हा दाबत, समोर ओसरीवर पसरलेल्या कॅनव्हासकडे बघायचं टाळत होती. एकदा बघितलं होतं. तेवढं पुरे. टेकडी, टेकडीला वळसा घालून जाणारी कोरडी नदी, नदीच्या वाळूत हाताने उकरले की पाणी देणारे झिरे... एक, दोन, तीन. चौथ्याच्या जागी नुसते पिवळे ठिपके, शेजारच्या ठिपक्यांना दाटून बसलेले, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

चित्र क्वीनीचं, तिच्या मामेबहिणीचं. जमीन क्वीनीच्या बापाची, म्हणजे मेव्हिसचं आजोळ. बापाकडून जमीन आली की रंगवण्याचा हक्क येतो, आईकडून आली की राखण येते, आणि राखणारीने शेजारी बसून ‘हं, बरोबर’ म्हटल्याशिवाय एक वर्तुळ पुरं होत नाही. हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मग मला न विचारता? मी मेले होते का? सोमवार, बुधवार, शुक्रवार शहरात त्या रक्त धुणाऱ्या यंत्राला हात जोडून पडलेली असते, तीन वर्षं झाली—पण मेलेली नाही अजून.

ब्रिजेट चहा घेऊन आली. चित्रांचं केंद्र सांभाळणारी ही गोरी बाई वाईट नाही. मेव्हिसला माहीत होतं, वाईट नाही, आणि म्हणूनच तिच्यावर ओरडताही येत नाही.

“बघितलंस, मेव्हिस? यावेळी किती मोकळं झालंय ना? उद्या तुझ्याच गाडीत घालून देते. प्रदर्शनवाले वाट बघतायत.”

मोकळं! कुणाचं पाणी बुजवायचं आणि त्याला मोकळं म्हणायचं. हिनेच सांगितलं असणार क्वीनीला, तिकडे जरा जागा सोड, डोळ्यांना बरं दिसतं... आणि ती म्हातारी लगेच मान डोलावणार. डोलावलीच असेल. मेव्हिसने चहा घेतला आणि गिळला, शब्दांसकट.

दुपारी निखाऱ्यातून कांगारूची शेपटी काढली. क्वीनीने राख झटकून एक तुकडा तिच्यापुढे धरला. “घे गं. शहरात पडून पडून गुबगुबीत झालीस. मशीनलाही जरा चव कळू दे.” बायका खदाखदा हसल्या. मेव्हिस हसली नाही. तिने तुकडा कुत्र्याला टाकला, आणि हसणं एकदम बंद झालं. बरं झालं. होऊ दे बंद.

आईने तो झिरा दाखवला तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. आईने आधी हाक घातली, मोठ्याने, टेकडीकडे तोंड करून—ही माझी मुलगी, हिला ओळखून ठेव—आणि मग गुडघ्यावर बसून वाळू उपसायला लागली, कोपरापर्यंत हात आत गेला, आणि टेकडीची सावली आईच्या पाठीवर पडली होती... पहिलं पाणी गढूळ, ते फेकायचं, दुसरं प्यायचं. दात शिवशिवले होते. हे सगळं त्या पिवळ्या ठिपक्यांखाली! आणि उद्या ते शहरात भिंतीवर लागणार, लोक हातात ग्लास धरून त्याच्यासमोर उभे राहणार, आणि त्यांच्यात एकही जण म्हणणार नाही की इथे पाणी होतं.

“चौथा कुठंय?” ती ओरडली. ओसरीवर ठिपके काढत बसलेल्या सगळ्या बायकांच्या काड्या थांबल्या. “क्वीनी, तुला विचारतेय. विकलास की विसरलीस?”

क्वीनीने काडी रंगाच्या डबीवर आडवी ठेवली. “ओरडू नकोस, बहिरी नाही मी.”

“त्या बाईने सांगितलं ना मोकळं ठेवायला?”

“ती कोण सांगणार? तिला टेकडी आणि उंट यांतला फरक कळत नाही.” क्वीनीने कॅनव्हासवरचं कुत्र्याचं पिल्लू उचलून बाजूला टाकलं. “चारदा फोन केला तुला. एकदा नर्स म्हणाली झोपलीय, एकदा म्हणाली हात मोकळा नाही. तो झिरा तुझ्या आईने तुला राखायला दिलेला. राखणारी इथं नाही, तर मी कुणाला विचारून उघडू? म्हणून झाकला. तू आलीस. आता सांग, कुठं टाकू?”

मेव्हिसचा दिवसभर साठवलेला राग होता, आणि ज्यांच्यासाठी साठवला त्या दोघींनीही काही केलं नव्हतं. रागाला मात्र हे कळलं नाही. तो तसाच उठला आणि तिच्या हातात आला. ती कॅनव्हासवर वाकली आणि वळणाच्या अलीकडे, टेकडीच्या उगवतीला तिने बोट दाबलं.

“इथं. एवढंही कळत नाही?”

क्वीनीने काडी पांढऱ्या रंगात बुडवली. बोटाच्या जागी नेली. आणि थांबली. मान वर करून तिने मेव्हिसच्या तोंडाकडे बघितलं, फार वेळ नाही, एक श्वासभर, मग नजर खाली नेली आणि तिथेच, जिथे सांगितलं तिथेच, पहिलं वर्तुळ काढलं.

सावली आईच्या पाठीवर होती. पण ती कधीची? आम्ही झोपून उठून तिथे गेलो होतो... गार वाळूवरून चालत... सकाळ होती. मग टेकडी आणि सूर्य एका बाजूला, आणि आई—आई दुसऱ्या. मावळतीला. की ती सकाळ दुसऱ्याच झिऱ्याची? दुसरं वर्तुळ पहिल्याभोवती फिरलं. क्वीनीला माहीत होतं. तिचं अर्धं बालपण त्या नदीत गेलं, तिला माहीत नसेल? पण राखणारीचा शब्द मोडायचा नाही, म्हणून ती बोलली नाही, बोलणारही नाही, आणि उद्या चित्र गाडीत चढेल, आणि कुणी विचारलं तर शांतपणे सांगेल, मेव्हिसने दाखवलं.

थांब म्हण. तोंड उघड आणि थांब म्हण... पण मग तिला विचारावं लागेल, कुठे गं, क्वीनी, आपलं पाणी कुठे होतं? आणि हे विचारणारी कसली राखणारी.

क्वीनी तिसरं वर्तुळ काढत होती, जीभ दातांत धरून, मन लावून, एकही ठिपका बाहेर जाऊ न देता, आणि मेव्हिसला तिचा भयंकर संताप आला. भांड ना माझ्याशी. काडी फेक, खोटारडी म्हण मला, सगळ्यांसमोर म्हण...

“बरोबर?” क्वीनीने विचारलं, वर न बघता.