सेसिल बूथरॉइडच्या बॉयलरचं तिसरं कोटेशन

सोमवारी सकाळी तपासणीला आलेल्या गॅसवाल्याने सेसिल बूथरॉइडच्या बॉयलरवर लाल चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'धोका. वापरू नये.' हेच शब्द सेसिलची मुलगी लॉरेन गेली पाच वर्षं वडिलांच्या शिडीबद्दल, त्यांच्या तळणाच्या कढईबद्दल आणि एकूणच वडिलांबद्दल वापरत होती. फक्त तिच्याकडे चिकटवायला चिठ्ठी नव्हती.

"चौतीस वर्षं चाललाय हा," सेसिल म्हणाला.

"तेच म्हणतोय मी," गॅसवाला म्हणाला, आणि गॅसचा नळ बंद करून निघून गेला.

बॉयलरच्या पाण्यावर तापणारे घरातले सातही रेडिएटर तासाभरात थंडगार पडले. नोव्हेंबर सुरू होता, आणि उत्तर इंग्लंडातल्या बार्न्स्लीचा नोव्हेंबर पाहुण्यासारखा दारात थांबून 'येऊ का' विचारत नाही. दुपारी सेसिल ओव्हरकोट घालून जेवला. संध्याकाळी मिल्टन कीन्सहून लॉरेनचा फोन आला.

"बाबा, नीट ऐका. रविवारी मी येतेय. तोवर घर गरम झालं तर ठीक. नाहीतर तुम्ही माझ्याबरोबर इकडे यायचं. कायमचं. खोली तयार आहे."

"कुठली खोली?"

"व्यायामाच्या सायकलची. सायकल गॅरेजात हलवलीय."

"सायकलला विचारलंस?"

"बाबा! आणि पहिला येईल त्याच्या गळ्यात काम मारू नका. मागच्या वेळी छपराचं काय झालं आठवतंय ना? तीन कोटेशनं घ्यायची. तीन म्हणजे तीन. मी बघणार आहे."

सेसिलने मिल्टन कीन्स दोनदा पाहिलं होतं. तिथे नाव ठेवायला जागा नव्हती, हीच मोठी अडचण होती. शिवाय ते गाव सपाट. सेसिल बावन्न वर्षं एका चढावर राहत होता, त्यामुळे सपाट जमिनीवर त्याची चाल आपोआप डावीकडे वळायची. इथे त्याचा भाजीचा वाफा होता. बायको डॉरीन गेली तरी स्वयंपाकघरात तिची खुर्ची होती. आणि समोरच्या घरात असा एक शेजारी होता की ज्याच्याशी एकवीस वर्षं बोलणं बंद होतं. एक्याऐंशीव्या वर्षी असा माणूस नव्याने कुठून जमवायचा?

मंगळवारी पहिला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट. त्याने बॉयलरचा फोटो काढला, रेडिएटरांचे काढले, सेसिलचाही काढला.

"आजोबा, हे काम कुणी केलं होतं हो?" त्याने नाक मुरडून विचारलं.

यात वैयक्तिक काही नव्हतं. त्या धंद्यात आधीच्या माणसाला शिव्या घातल्याशिवाय पुढचा माणूस आकडा सांगत नाही. कोटेशन अकरा पानांचं आलं. पहिल्या पानावर एक कुटुंब मोजे घालून रेडिएटरकडे बघत खदाखदा हसत होतं. शेवटच्या पानावर कामाची तारीख होती, सतरा जानेवारी.

बुधवारी दुसरा आला. तो बॉयलरसमोर उभा राहिला आणि त्याने दातांतून हवा आत ओढली. हा आवाज जितका लांब तितका आकडा मोठा, हे बार्न्स्लीतलं शेंबडं पोरही जाणतं. हा आवाज इतका लांबला की मधल्या वेळात सेसिलने किटली चढवली.

"मीटर आणतो गाडीतून," म्हणून तो बाहेर गेला. पाठोपाठ गाडीही गेली. गुरुवारी त्याचं कोटेशन आलं, ते तीन बाथरूम आणि एका पोहण्याच्या तलावाचं होतं. सेसिलने ते जपून ठेवलं. कोटेशनं तीन हवीत असं लॉरेनने सांगितलं होतं. ती याच घराची हवीत असं काही ती बोलली नव्हती.

आता उरला शुक्रवार आणि तिसरा माणूस. पेपरवाल्याच्या दुकानाच्या काचेवरच्या चिठ्ठीवर सेसिलला नाव सापडलं होतं, रॉनी सग्डन. हाही जानेवारी म्हणाला तर बॅग भरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रॉनी साठी ओलांडलेला होता, आणि खाली वाकला की त्याचे गुडघे त्याच्याआधी बोलायचे.

"अरे देवा," तो बॉयलरखाली बघत म्हणाला. "काका, हा पाइप बघा. दारू पिऊन घरी निघाल्यासारखा चाललाय. आणि खाली आधाराला काय, तर लाकडाचा ठोकळा! ज्याने कुणी हे केलंय ना, तो आत असायला हवा."

"असेल तर सुटला असेल आता," सेसिल म्हणाला. "चहा घेणार? साखर किती?"

"पाच. डॉक्टर विचारतील तर दोन."

सेसिलचा चमचा हवेत थांबला. चौतीस वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात, बॉयलर बसवायला आलेला लाल केसांचा एक हडकुळा तरुण डॉरीनला म्हणाला होता, 'पाच. बायको विचारेल तर दोन.' डॉरीन ते वाक्य पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना सांगायची. सेसिलने रॉनीकडे निरखून पाहिलं. केस गेले होते, हडकुळेपणा गेला होता. साखर तेवढी होती तशीच होती.

रॉनी आता बॉयलरच्या पुढच्या पत्र्याचे स्क्रू सोडायला लागला. आतल्या बाजूला बसवणाऱ्याच्या सहीचं कार्ड चिकटवलेलं होतं. या माणसाचा भर घरात पोपट झाला तर तो हत्यारं गोळा करून चालता होईल, आणि मग मिल्टन कीन्स.

"केक खातोस?" सेसिल घाईने म्हणाला. "आधी केक खा. पत्रा काय, कुठे पळून जातोय?"

"एक मिनिट, काका. या महापुरुषाचं नाव तरी बघू दे." पत्रा निघाला. रॉनीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "आर. सग्डन."

सेसिल केक कापायला लागला.

"या गावात सग्डन पुष्कळ आहेत," सेसिल म्हणाला.

"अक्षर माझं आहे."

"अक्षरंही सारखी असतात कधीकधी."

रॉनी मटकन खुर्चीत बसला, नेमका डॉरीनच्या. सेसिलने केकची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"माझं पहिलं स्वतंत्र काम," रॉनी म्हणाला. "आठवडाभर झोप लागली नव्हती, काका. सारखं वाटायचं, गळलं तर? कुणाला काही झालं तर? मग जाऊन विचारायचीही भीती वाटायला लागली. या गल्लीतून जायचंच सोडलं मी. गल्लीसुद्धा विसरलो बघा."

"एकदाही गळलं नाही," सेसिल म्हणाला. "चौतीस वर्षांत एक थेंब नाही. डॉरीनला कधी थंडी लागली नाही या घरात."

रॉनीने तोंडातून लांबलचक हवा बाहेर सोडली. या धंद्यातला माणूस हवा बाहेरही सोडतो, हे सेसिल पहिल्यांदाच बघत होता.

चहा संपेपर्यंत रॉनीची मान पुन्हा ताठ झाली.

"तसा पाइपला उतार मुद्दाम दिलाय," तो म्हणाला. "पाणी साचू नये म्हणून."

"दारू पिऊन?"

"पूर्ण शुद्धीत. आणि असला ठोकळा आजकाल मिळत नाही. नवा बॉयलर उद्या बसवतो. सकाळी आठला येतो."

"तारीख घालून कोटेशन लिहून दे बाबा. नाहीतर आमची लॉरेन तिसरं धरायची नाही."

शनिवारी तीन वाजता भिंतीत गुडगुड झाली आणि सातही रेडिएटर एकामागून एक तापले. सेसिल प्रत्येकावर हात ठेवून घरभर फिरला. मग त्याने ओव्हरकोट काढून खुंटीला अडकवला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला. रॉनीने नव्या कार्डावर सही केली, या वेळी पूर्ण नावानिशी.

रविवारी लॉरेन दोन रिकाम्या बॅगा घेऊन आली आणि पाचव्या मिनिटाला तिने स्वेटर काढला. तिन्ही कोटेशनं तिने उभ्यानेच वाचली.

"बाबा, यात पोहण्याचा तलाव आहे."

"म्हणून तर ते सोडलं."

"आणि नव्या बॉयलरखाली हा जुनाट ठोकळा?"

"माणूस अनुभवी आहे."

लॉरेनने रेडिएटरवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाली, "सुटले बाई. खरं सांगू, ती सायकल गॅरेजात मावतच नव्हती. अर्धी पावसात उभी आहे."

"मग आज गेल्या गेल्या आत घे तिला," सेसिल म्हणाला. "नोव्हेंबर आहे."