ढालवाला नबीसाब

अनिसाची खेळी

"ह्याला मागं ठेवणार न्हाई मी," अनिसा म्हणाली. "नबीसाब हाय त्यो. चालतोच सावकाश."

पडद्यावर म्हातारा ढालवाला दोनच घरं सरकला आणि पुलावर तिरंदाज पोरीजवळ थांबला. त्याच्यासाठी तिनं अख्खी फौज पुलाच्या अलीकडे खोळंबून ठेवली होती.

"लढाई हरशील, आपा."

"हरू दे की. घे, तुझी खेळी."

हातात मावणारं ते व्हिडिओ गेमचं यंत्र तिनं तन्वीरकडे सरकवलं. भिंतीला टेकून मेथी निवडणाऱ्या दोघांच्या आई, कमरबी, म्हणाल्या, "एक मोटार रिवाइंडिंगवाला, एक शिवणक्लासची मास्तरीण. आन बसल्यात खेळणं घेऊन! नबीसाबनीच बिघडवलं तुमाला."

"बिघडवलं तर बिघडवलं," अनिसा हसली. सासरहून, अक्कलकोटहून, ती दोनच दिवसांसाठी आली होती.

समोरच्याची खेळी

समोरच्याची खेळी चालू असताना आपण नुसतं बघत बसायचं असतं.

अब्बा, म्हणजे नबीसाब, ट्रकवर होते. सोलापुरी चादरी हैदराबादला पोचवून येताना एकदा त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून असलंच एक यंत्र आणलं होतं. आत एकच खेळ, तोही जपानी लिपीतला. अक्षर कळत नव्हतं म्हणून भावंडांनी सैनिकांना घरातली नावं दिली. सगळ्यात मंद आणि सगळ्यात जाड ढालीचा तो नबीसाब. तिरंदाज पोरगी अनिसा. घोडेस्वार तन्वीर, कारण तन्वीरला घोडाच हवा होता. खेळाचं नाव त्यांनी ठेवलं किल्ला.

यंत्र एक, खेळणारे दोघं. म्हणून एक खेळी आपाची, एक तन्वीरची. किल्ल्यात मेलेला सैनिक परत येत नसे. घरातलं कुणी मेलं की ती यंत्र बंद करायची आणि लढाई पहिल्यापासून. एक लढाई कधीकधी आठवडाभर चाले.

मग कंपनीनं किल्ल्याचे नवे भाग काढणं थांबवलं. आपाचं लग्न झालं. गेल्या वर्षी अब्बा गेले. आणि या वर्षी नवा किल्ला आला, तेच सैनिक नव्या रंगात. फोनवर अनिसा ओरडलीच होती, "मी आल्याबिगर उघडायचा न्हाई हां, तन्या! शपथ!"

तन्वीरची खेळी

त्यानं उघडला होता.

दुकानात, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांमध्ये बसून शेवटापर्यंत खेळून टाकला होता, आणि ती येणार त्या सकाळी सगळं पुसून यंत्र कोरं करून ठेवलं होतं. खेळ पार फुसका निघाला. सैनिक पाऊल टाकण्याआधी भाषण ठोकत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पडलेला सैनिक पुढच्या लढाईत कपडे झटकत पुन्हा उभा राही. मरतच नव्हतं कुणी. आपा तासभर ज्याला जपत बसली होती, त्याला जपायची गरजच नव्हती.

सांगावं का? तिचा चेहरा बघून तो गप्प बसला. त्यानं फक्त पुलावरच्या तिरंदाज पोरीला झपकन मागे घेतलं.

समोरच्याची खेळी

पुलाखाली लपलेले शत्रूचे सहा जण वर आले. पुलावर आता दुसरं कुणी नव्हतं. तिथं एकटा म्हातारा ढाल धरून उभा.

अनिसा पडद्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"मला मागं का ओढलंस?"

"असंच. अंदाजानं."

"तन्या."

त्यानं यंत्राचा आवाज कमी केला.

"खेळलायस तू आधी."

कमरबींचे हात मेथीत थांबले.

अनिसाची खेळी

"शेवटी काय होतं?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता.

"काय न्हाई. पडला तरी उठतो परत. भंगार करून टाकलाय सगळा. तुला मजा येत होती, म्हणून..."

"म्हणून बोलला न्हाईस." तिनं मान हलवली. "अब्बांच्या येळीबी तुला आधीच ठावं होतं. डॉक्टरनं तुला सांगितलं होतं. आन मला फोनवर काय म्हणालास? बरं वाटतंय, सावकाश ये."

"तू रडली असतीस, आपा."

"रडले असते की! तासाभराचा तर रस्ता हाय. मी आले तवा जनाजा दारातून उठत होता."

तिला त्रास नको म्हणून, असं तो वर्षभर स्वतःला सांगत आला होता. खरं म्हणजे ते तिला सांगायला त्याची जीभच उचलली नव्हती. आणि एकदा खोटं बोलल्यावर ते निस्तरायला दुसरा फोन करायचा होता, तोही त्यानं केला नाही.

"अब्बांनी विचारलं होतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "अनी कुटं हाय म्हणून."

"आन तू?"

"मी म्हणालो, वाटेत हाय."

कमरबींनी पदर तोंडाला लावला. हे त्यांनाही माहीत नव्हतं.

मग अनिसानं यंत्र घेतलं. मागे सुरक्षित उभी असलेली तिरंदाज पोरगी तिनं उचलली आणि एक एक घर करत पुलावर नेली. सहा शत्रूंच्या तोंडाशी, म्हाताऱ्याच्या अगदी शेजारच्या घरात आणून ठेवली.

"आपा, ती पडेल. आन त्यो तर उठणारच हाय पुढच्या लढाईत..."

"ठावं हाय मला." तिनं यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. "तुझी खेळी."

तन्वीरची खेळी

खेळी संपवायचं एकच बटण. ते दाबलं की समोरचे चाल करून येणार. न दाबलं तर किल्ल्यात काहीच घडत नाही. सगळे जागच्या जागी थांबतात. फक्त म्हाताऱ्याची छाती ढालीमागे वर जाते, खाली येते. पुन्हा वर जाते.

तन्वीरचा अंगठा बटणावर होता. अनिसा सरकून त्याच्या खांद्याशी आली आणि पडद्यात बघू लागली.

"दाबू नक्को इतक्यात," ती म्हणाली.