गावात कुणी आजारी नाही

साहेब येणार म्हणून बंकट सरपंचानं सकाळीच भोंगा धरला. "गावकऱ्यांनो, तेल कंपनीचे मोठे साहेब मुंबईहून येत हायेत. रस्त्यावर उकिरडा दिसता कामा न्हाई. मेंढ्या कोंडून घ्या. आन ध्यान देऊन ऐका, आजारी मानसांनी आज घरातच बसावं. खोकत-कन्हत म्होरं येऊ नये. गावाची शोभा ऱ्हायली पायजे!"

पौर्णिमानं मांडीवरच्या अंजूकडं पाहिलं. दोन वर्षांची पोर झोपेतसुद्धा घरघरत होती. ऊस तुटून गेला की फडातलं पाचट पेटवायचे दिवस येतात, आणि त्या धुरात अंजूची छाती भरते. श्वास घेताना बरगड्यांखालची कातडी आत ओढली जातेय का, हे पौर्णिमा सारखी फ्रॉक वर करून बघायची. आता ती जराशी ओढली जात होती. जराशीच. पण ह्या 'जराशी'चं काय होतं ते तिनं गेल्या साली पाहिलं होतं. तेव्हा नवरा, संजय, मोटरसायकल घेऊन मांजरसुंब्याला आपल्या टायरच्या दुकानावर गेलेला, आणि ती पोरीला घेऊन धारूरच्या दवाखान्यात जायला जीपची वाट बघत फाट्यावर उभी. धारूरचा घाट चढेस्तोवर अंजूचे ओठ निळे पडले होते.

कंपनीचा दवाखाना सुरू झाला तो त्यानंतर. तेलाची पाइपलाइन गावच्या माळावरून गेली, आणि दर मंगळवारी एक पांढरी गाडी शाळेसमोर येऊन थांबायला लागली. आत डॉक्टरीणबाई, रोहिणी सिस्टर, आणि वाफ द्यायचं मशीन. अंजूच्या तोंडावर मास्क लागला की थोड्या वेळात तिचा श्वास मोकळा व्हायचा, आणि पौर्णिमाचाही.

"आत्या, आज मंगळवार हाय," ती सासूला म्हणाली. "आधी हिला वाफ देऊन आणते."

जाईबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. "आन साहेब आले तर? सरपंचानं तुला बोलायला निवडलंय, बी.एस्सी. झालेली सून म्हनून. तू घरघरतं लेकरू कडेवर घेऊन हुबी ऱ्हानार व्हय?"

"मग काय झालं?"

"काय झालं म्हनं! मागं स्वच्छतेच्या स्पर्धेला एकच उकिरडा दिसला तर बक्षीस हुकलं आपलं. साहेब लोकांना सगळं चांगलं दिसलं की ते देत्यात. वंगाळ दिसलं की हात आखडत्यात. साहेब गेले की सिस्टर थोडीच पळून जाती? तवर मी बघते पोरीला."

सासूचं म्हणणं पौर्णिमाला पटलं नाही, पण खोडताही आलं नाही. अंगणवाडीला खेळणी मिळाली ती पोरं नटवून बसवली म्हणूनच, असं सगळं गाव मानत होतं. तिनं अंजूला सासूच्या मांडीवर दिलं, ठेवणीतली साडी नेसली आणि मागं वळून बघत बघत निघाली.

शाळेच्या मैदानावर मांडव होता. सतरंजीवर सगळी धडधाकट माणसं निवडून बसवल्यासारखी बसली होती. कडूबाई मेंढरंवाली, जी गाडी यायच्या आधीच दारात जाऊन बसायची आणि खोकून खोकून सिस्टरला भंडावून सोडायची, तिचा पत्ता नव्हता. मैदानाच्या कडेला पांढरी गाडी दार उघडं टाकून उभी होती. रोहिणी सिस्टर पायरीवर बसून इकडंतिकडं बघत होती. तिनं पौर्णिमाला खुणेनं विचारलं, कुठं गेले सगळे? पौर्णिमानं मान खाली घातली.

साहेब आले. पन्नाशी उलटलेला, दमलेला, गुडघा धरून पायऱ्या चढणारा माणूस. फेटा बांधताना म्हणाले, "जपून बांधा हो, टक्कल आहे, घसरतो," तेव्हा मांडवात हसू फुटलं. बरा माणूस दिसतोय, असं पौर्णिमाला वाटलं.

मग साहेबांनी कंपनीचा वर्षाचा हिशोब मांडला. किती तेल शुद्ध केलं, नफा किती वाढला, किती गावांत गॅस पोचला. पुढच्या वर्षी पंपांवर विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंग. "आणि तुमच्यासाठी खास गोष्ट. उसाचं पाचट, कारखान्याची मळी, यातून गॅस करायचा प्रकल्प तेलगावकडं उभा करायचा विचार आहे. मग पाचट जाळायला नको. ते आम्ही विकत घेऊ." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पौर्णिमानंही वाजवल्या, सगळ्यांपेक्षा जास्त जोरात.

"आता सामाजिक जबाबदारी," साहेब म्हणाले आणि गाडीकडं वळले. "मी आल्या आल्या तिकडं पाहिलं. आज दवाखान्याचा दिवस, आणि गाडीपुढं एकही रुग्ण नाही. सरपंच म्हणाले, साहेब, गावात कुणी आजारीच नाही. दवाखान्याचं याहून मोठं यश कोणतं? तुमचं अभिनंदन! इथलं काम पूर्ण झालं. एप्रिलपासून ही गाडी आपण जिथं गरज आहे अशा दुसऱ्या तालुक्यात पाठवू."

टाळ्या झाल्या. अभिनंदन म्हटलं की टाळ्या, ही सवयच. बंकट सरपंचही वाजवत होता. वाजवता वाजवता त्याचे हात हळू झाले, मग थांबले. त्यानं आजूबाजूला पाहिलं. सतरंजीवर कुजबुज सुरू झाली. "गाडी जानार म्हनला का?" "जानार म्हनला बे. तू काय ऐकून टाळ्या वाजविल्या?" "तू वाजविल्या म्हनून!"

"आता पौर्णिमाताई दोन शब्द बोलतील," सरपंच घाईनं म्हणाला, आणि माइक देताना दबक्या आवाजात, "आभार मान आन खाली बस. मी मागून बोलतो त्येंच्याशी."

पौर्णिमानं माइक धरला. तिनं भाषण पाठ केलं होतं. पहिले शब्द 'आदरणीय साहेब' असे होते. ते ती म्हणाली. पुढचं आठवलं नाही. तिला फक्त अंजूच्या बरगड्यांखालची ती ओढली जाणारी कातडी दिसत होती. सगळं गाव तिच्या तोंडाकडं बघत होतं, आणि ह्याच गावात तिला उद्याही राहायचं होतं.

"साहेब, गावात आजारी माणसं आहेत," ती म्हणाली. "आम्ही त्यांना घरात बसवलंय."

सरपंचानं कपाळाला हात लावला.

"तुमच्यासाठीच बसवलंय. तुम्हाला गाव चांगलं दिसावं म्हणून. आम्हाला वाटलं, चांगलं दिसलं की तुम्ही गाडी चालू ठेवाल." तिनं घराच्या दिशेला हात केला. "माझी मुलगी घरी घरघरतीय. आज मंगळवार. मी तिला वाफ न देता इथं आलेय, भाषण करायला. मला आता जाऊ द्या."

तिनं माइक खुर्चीवर ठेवला आणि चालायला लागली. मांडवाच्या टोकाला पोचेस्तोवर चालत होती, मग पळत सुटली.

वाटेतच जाईबाई समोरून येताना दिसली, पोर खांद्यावर, पदर सुटलेला. "लई ओढायला लागली गं माय," ती रडवेली झाली होती. "म्यां म्हनलं, मरू दे ती शोभा."

रोहिणी सिस्टरनं अंजूला पायरीवरूनच उचलून आत घेतलं. मशीन गुरगुरायला लागलं. पौर्णिमा पोरीचे दोन्ही हात धरून बसली आणि तिच्या ओठांकडं बघत राहिली. रंग गुलाबीच होता. हळूहळू बरगड्यांची ओढ कमी झाली, तेव्हा कुठं तिला बाहेरचा गलका ऐकू आला. गाडीपुढं रांग लागली होती. सगळ्यात पुढं कडूबाई, सरपंचालाच सुनावत.

"मला कोंडलं व्हय रं बंकट? मेंढरासंगं मलाबी? खोकून खोकून मेंढरं भ्याली माझी!"

"मावशे, चुकलं. पर साहेबापुढं तरी हळू बोल."

"कावून हळू? त्येला ऐकू यावं म्हनूनच बोलतीय!"

साहेब फेटा काढून हातात घेऊन गाडीच्या दाराशी आले. अंजूच्या तोंडावरचा मास्क त्यांनी पाहिला. "ताई, मी तुम्हाला खोटं आश्वासन देणार नाही," ते म्हणाले. "गाडी एकच आहे, आणि त्या तालुक्यातही लेकरं आहेत. एक आठवडा इथं, एक तिथं, असं करता येईल का ते मुंबईला विचारावं लागेल. मी जोर लावेन."

"आणि मधल्या आठवड्यात?" पौर्णिमानं विचारलं. आपण इतकं थेट विचारलं याचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. "असलं मशीन गावात ठेवलं तर?"

"ठेवता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण चालवणारं माणूस शिकलेलं पाहिजे. मला फोन केल्याशिवाय औषध घालायचं नाही, आणि ओठ निळे दिसले तर थांबायचं नाही, थेट धारूर."

"मशीन मी आजच मागवतो. त्याला कुणाला विचारायला नको," साहेब म्हणाले. "चालवणार कोण?"

सगळे पौर्णिमाकडं बघायला लागले. तिच्या मनात आलं, दुसऱ्याचं लेकरू आपल्या हातात, आणि काही झालं तर? मास्कमागून अंजू तिच्याकडं टुकुटुकु बघत होती.

"मी शिकते," ती म्हणाली. "पण आजच शिकवा. सगळं, पहिल्यापासून."

"माझ्यावर शिक," कडूबाई आत घुसत म्हणाली आणि बाकड्यावर ऐसपैस बसली. "मी काय लवकर मरत न्हाई."

रोहिणी सिस्टरनं साबण पुढं केला. पौर्णिमानं अंजूला सासूकडं दिलं आणि हात धुवायला बाही वर सारली.