पुराची खूण

दिवाळी तोंडावर आली होती आणि अमेरिकेत, नेपरव्हिलला अंगणातली माती इतकी गारठली होती, की मालिनीबाईंनी ती बादलीत भरून गॅरेजमध्येच आणली. त्यांची नात नैना मावळ्यांचा डबा मांडीवर घेऊन तयार बसली होती. पण आजीने डोंगर रचलाच नाही. मातीत बोटाने एक वळणदार चर काढला.

"आज्जी, दॅट्स नॉट अ किल्ला!"

"नाहीच मुळी. हे मार्लफर्ड. तुझा बाबा जिथे वाढला ते इंग्लंडमधलं गाव."

त्या गावच्या शाळेत मालिनीबाईंनी जन्मभर लहान मुलांना शिकवलं होतं. अजूनही मूल समोर बसलं की त्यांचे हात आपोआप बोलू लागत.

"ही मार्ल नदी. इथे पाणी उथळ. घोडागाड्या इथून उतरायच्या, म्हणून इथेच गाव बसलं. मग मठातल्या साधूंनी दगडी पूल बांधला आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायला लागले."

"लाइक आपल्या कारमधला टोलचा आय-पास?"

"तस्संच! फक्त कोंबडी दिली तरी चालायचं."

नैना खदखदून हसली. पुलाजवळ पिठाची गिरणी आली, लोकर वाहणाऱ्या होड्यांचा धक्का आला. "पुढे रेल्वे आली, ती गेली शेजारच्या गावाला. मार्लफर्ड जे रुसून बसलं, ते लहानच राहिलं," असं सांगत मालिनीबाईंनी अगदी काठावर एक काड्यापेटी ठेवली. ते त्यांचं घर.

डॉक्टर, म्हणजे नैनाचे आजोबा, गेले तेव्हा त्या एका हिवाळ्यापुरत्या मुलाकडे आल्या होत्या. दर वसंतात "आता जाते" म्हणायच्या. गुडघे जाऊ देत नव्हते. घर कुलपातच होतं.

शंतनू फोन हातात घेऊन दारात आला. "आई, मार्लफर्डच्या घराच्या एजंटला आज उत्तर द्यायचंय गं. गिऱ्हाईक चांगलं आहे. तरुण जोडपं. तू नाही म्हणालीस तर नाही सांगतो, पण काहीतरी सांग."

"थांब रे. नदीला पाणी यायचंय अजून."

नैनाने झारी ओतली. चर भरला, काठ सुटला आणि काड्यापेटी अर्धी भिजली.

"ओ नो! तुमचं घर!"

"असंच झालं होतं. तिथली माणसं कशी, वर्षानुवर्षं हवापाण्यापलीकडे बोलायची नाहीत. आम्हाला वाटायचं, आपण इथे पाहुणेच. पण त्या सकाळी पाइक बेकरीवाला गुडघाभर पाण्यातून आला. त्याच्या मागे शेजारची जोन, गिरणीवाला, सगळी गल्ली. पिठाच्या पोत्यांत वाळू भरून आमच्या दाराशी रचली." मालिनीबाईंनी काड्यापेटीपुढे एकेक मावळा उभा केला. "तिथे पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं तिथे दाराच्या चौकटीवर छिन्नीने रेघ मारतात. पाइकने छिन्नी आजोबांच्या हातात दिली. म्हणाला, डॉक्टर, तुमचं दार, खूण तुम्हीच करा. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत नीट. सारखे दाराशी जाऊन रेघेवर बोट फिरवायचे."

नैना मावळ्यांकडे बघत राहिली. "आज्जी, आता फ्लड आला तर हेच सगळे येणार?"

मालिनीबाईंनी पहिला मावळा उचलला. "पाइक तर गेला." तो डब्यात ठेवला. "जोन मुलीकडे राहायला गेली." दुसरा डब्यात. "गिरणीवाला..." त्याचं काय झालं ते त्यांना आठवेना. तो मावळा बराच वेळ त्यांच्या हातात राहिला, मग तोही डब्यात गेला. काड्यापेटीपुढे कोणी उरलं नाही.

"शंतनू, हो म्हणून टाक."

त्याने समजावायची तयारी करून ठेवली होती. ती तशीच राहिली. "नक्की ना, आई?"

"हो. पण त्यांना एक सांग. चौकटीला हवा तो रंग द्या म्हणावं. ती रेघ तेवढी बुजवू नका."

"कॉन्ट्रॅक्टमध्ये कसं घालणार गं हे?"

"कॉन्ट्रॅक्टमध्ये कशाला? नुसतं सांग. मार्लफर्डला सांगितलेलं ऐकतात. आणि पुढचा पूर आला की छिन्नी त्यांनी धरायची, हेही सांग."

शंतनू एजंटला फोन लावत आत गेला.

नैनाने टूथपिक शोधून आणली होती. जीभ दाताखाली धरून ती काड्यापेटीच्या ओल्या कडेवर रेघ ओढत होती.

"सरळ काढ हं," मालिनीबाई म्हणाल्या, आणि किल्ल्यासाठी आणलेली मोहरी नदीच्या दोन्ही काठांवर पेरू लागल्या.