आलेखातली उडी

“सुपडू, पुन्हा चुकीचा रेझिस्टर लावलास!”

“मी बरोबरच लायेल शे, सर.”

“मग आलेख अशी उडी कशी मारतो?”

१९६७ साल. शहाद्याच्या कॉलेजात मी नुकताच डेमॉन्स्ट्रेटर झालो होतो. आमचे सर सांगलीकडचे, खानदेशात नवे. ट्रान्झिस्टर एकच, बॅटरी तीच. फक्त लोड रेझिस्टर बदलत जायचा आणि दर वेळी ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट वाढवतो ते टिपायचे. हेच सर्किट सरांचे एक मित्र मुंबईत संगणकावर गणिताने चालवणार होते. त्यांचे आकडे आमच्या आकड्यांशी ताडून पाहायचे होते. पण आमच्याकडे पाचशे ओहमला एकदा वीस पट आली, एकदा दीडशे पट.

सुपडूभाऊ प्रयोगशाळेतले शिपाई. त्यांना कायम करायचे की नाही, हे सरांच्या शेऱ्यावर होते. सर मला हळूच म्हणाले, “याला रेझिस्टरवरच्या रंगपट्ट्या कळत नाहीत. नको म्हणून कळवतो.”

सुपडूभाऊंनी ते ऐकले. “भाऊ, आते घर काय सांगू? बायकोनी ते पेढाबी वाटी टाकात!”

“सर, एकदा परत करू,” मी म्हणालो. “मी नुसता बघतो.”

सुपडूभाऊंनी रेझिस्टर काढला. पट्ट्या हिरवी, काळी, लाल. म्हणजे पाच हजार ओहम. हजारांना आम्ही सगळेच नुसते एक, दोन, पाच म्हणायचो. क्लिपा लावून त्यांनी खणखणीत आवाज दिला, “पाच शे!”

सरांनी लिहिले, ५००.

मला हसूच फुटले. म्हसावदला घरी माझी आई दिवसभर अहिराणीत हेच बोलायची, भाकर शे, पाणी शे. पुण्यात शिकताना ते ‘शे’ मी जिभेवरून काढून टाकले होते. कानात राहिले, हे माझे भाग्य.

“सर, ते पाचशे नाही म्हणत. पाच ‘आहे’ म्हणताहेत.”

“तेच ते सांगी ऱ्हायनू मी!”

“आणि खरंच पाचशे असला तर?” सरांनी विचारले.

“पाचशे शे.”

सर पेन खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “म्हणजे ‘शे’चं शेपूट मीच ऐकत नव्हतो.”

फसलेले बिंदू त्यांनी खोडून योग्य जागी मांडले आणि रेघ ओढली. उडी नाहीशी झाली.

“सुपडूभाऊ, शेरा आजच पाठवतो. हे बघा, तुमचं काम.”

सुपडूभाऊंनी हात पँटला पुसले. कागदाला न लागू देता, रेघेच्या वरून त्यांनी बोट सावकाश फिरवत नेले, अगदी शेवटच्या बिंदूपर्यंत.