रुद्राणीची जागा

“परवा तूच म्हणलास की, हापसा तांड्याला उघडा करायला पाहिजे,” रुद्राणी बसवंतला म्हणाली.

“म्हणलो व्हतो. पण आता ठराव त्येंनी आणलाय. त्येंचा ठराव आपण कसा पास करायचा?”

“पाणी तेच हाय ना?”

“पाणी तेच हाय, पक्ष दुसरा हाय. पक्षादेश निघालाय. आपल्यातल्या कुणी हात वर करायचा न्हाई.”

अमृतराव गुरुजींनी हे ऐकले आणि न ऐकल्यासारखे केले. अहमदपूरजवळच्या या गावात ते दर वर्षी सातवीच्या वर्गाची लोकसभा भरवीत. खिडकीकडे सरकार पक्ष, भिंतीकडे विरोधक, खुर्चीवर अध्यक्ष म्हणून स्वतः गुरुजी. सरकार पक्षात एक मूल जास्त असे. त्यांना एकच गोष्ट सलत आली होती. नेत्याने मान हलवली की खिडकीकडचे सगळे हात एकदम वर जात, नाहीतर सगळे खालीच राहत. “दिल्लीत बी असंच असतंय, गुरुजी,” पोरे म्हणत, आणि त्यांना ते खोटे म्हणता येत नसे.

यंदा हा नुसता खेळ नव्हता. लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पण पाऊस लागोपाठ हुकला होता. शाळेचा हापसा तेवढा पाणी देत होता. शाळा सुटली की गुरुजी त्याच्या दांड्याला साखळी लावीत आणि तांड्यावरच्या बाया नाल्यात झरे उकरीत बसत. साखळी काढावी की ठेवावी, यावर गावाचे एकमत होईना. यंदा सरकार पक्षाचा नेता असलेल्या बसवंतचे वडील सरपंच होते. ते हसत म्हणाले, “तुमच्या लोकसभेलाच विचारा की, गुरुजी.” गुरुजींनी तो शब्द धरून ठेवला. सभागृह ठरवील ते करीन, असे त्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकले.

“साखळी काढावी, या विरोधकांच्या ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा.”

भिंतीकडचे सगळे हात वर गेले. खिडकीकडे कुणी हलले नाही. मग रुद्राणीचा हात वर झाला. सावकाश झाला, पण कोपर वाकले नाही. ठराव एका मताने पास झाला.

बसवंत उठला. “अध्यक्ष महाराज, हिनं आदेश मोडला. हिचं मत धरू नका.”

“मत धरावंच लागतं. जागा जाते, मत जात नाही. तुमच्या पक्षाला माफ करता येतं. करतोस?”

“न्हाई.”

पक्षांतरबंदीचा कायदा नवाच होता. गुरुजींनीच तो वर्तमानपत्र समोर धरून शिकवला होता. आपल्या गुणी पोरीसाठी तो जरासा वाकवावा, असे त्यांच्या मनात येऊन गेले. रुद्राणीनेच त्यांना सोडवले.

“मी जाते, गुरुजी. मला ठावं व्हतं.”

“तरी हात वर केलास?”

“जागा पक्षाची असंल. हात माजा हाय.”

दप्तर उचलून ती दाराशी सभा बघायला बसलेल्या लहान पोरांत जाऊन बसली. गुरुजींनी ठराव मंजूर झाल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला.

शाळा सुटली. साखळी निघाली. तांड्यावरच्या बाया घागरी घेऊन आल्या, तर दांड्याला सगळ्यांत आधी बसवंत लोंबकळलेला. “भरा, मावशी, भरा. आमच्या सभागृहानं मंजूर केलंय,” असे तो प्रत्येकीला सांगत होता. गुरुजी मिशीतल्या मिशीत हसले.

रुद्राणी घरून कळशी घेऊन आली आणि सगळ्यांत मागे उभी राहिली.

“तू पुढं ये की,” बसवंत हापसता हापसता म्हणाला.

“नंबर आल्यावर येते.”

रांग पुढे सरकली. तीही एक पाऊल सरकली.