दहा कॅलेंडरं, एक हात

धाकट्याचं हे नेहमीचंच. वर्षभर फोनवर ‘येतो गं’, आणि वर्ष सरत आलं की स्वारी थेट कॅलेंडरांच्या खिळ्यापाशी. आई जिवंत आहे का, ते मागाहून. जिजी म्हणायची, “त्या खिळ्यालाच आई म्हण, म्हणजे मी सुटले!”

धाकटा वर्तमानपत्रात टीव्हीवर लिहायचा. वर्षातल्या उत्तम मालिकांची त्याची यादी लोक कापून ठेवत. निवडायचे मात्र त्याचे वडील. दहा वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, उजवं अंग गेलं. राहिला डावा हात आणि समोरचा टीव्ही. भाग संपला की ते पलंगावरून बोटं वर करत, आणि जिजी त्या तारखेच्या चौकोनात तेवढ्या रेघा ओढी. लिहिण्याच्या नावाने तिची बोंब, म्हणून रेघांशेजारी चित्र: टपालवाल्याच्या मालिकेला पिशवी, तीन बहिणींच्या मालिकेला तीन वेण्या. धाकट्याने रेघा मोजल्या की यादी तयार.

यंदा अख्ख्या दशकाची यादी हवी होती. वडिलांना जाऊन चार महिने झाले होते. धाकट्याने दहाही कॅलेंडरं फरशीवर पसरली, दुपारभर मोजलं आणि लेख वाचून दाखवला. पहिला टपालवाला, दुसऱ्या तीन बहिणी. “‘दशकाच्या उत्तरार्धात मात्र मालिकांचा दर्जा घसरतच गेला...’”

“कोण म्हणतं?”

“बाबाच की! आधी पाच-पाच रेघा, मग तीन, मग दोन. आणि ही शेवटची होडीवाली बघ, रोज एकच. अगदीच पाणचट वाटली असणार त्यांना.”

जिजीने ते कॅलेंडर त्याच्या हातून ओढून घेतलं. होडीवालीची वेळ झाली की म्हाताऱ्याचे डोळे घड्याळावरून हलत नसत. ते एक बोट उचलेपर्यंत जाहिराती संपून जात. ती पेन्सिल धरून उभी राही. ‘आटपा’ म्हणून कधी म्हणाली नाही, आणि तिच्या जिभेची ख्याती पाहता ही काही लहान गोष्ट नव्हती. बोटं एकेक करून गेली, हे धाकट्याला सांगायचं तिला सुचलंच नाही. बापाचा हात लेकाला दिसत असेल, असंच ती धरून चालली होती.

“त्यांचा हात शेवटचा कधी हातात घेतला होतास?”

“अगं, कामाच्या गडबडीत...” तो रेघांकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे एकच बोट हलत होतं?”

“एकच. तेही होडीसाठीच उचलायचे. बाकीच्यांना तेवढंही नाही.”

धाकट्याने टपालवाला खोडला. “होडीला पहिला नंबर देतो, आई. खाली बाबांच्या बोटांचंही लिहितो.”

“होडीचं लिही. बोटांचं नको, ते आमच्या दोघांचं होतं. आणि यादीखाली तुझं नाव घालू नकोस. निवड करणाऱ्याला आधी बघावं लागतं रे. तू टीव्ही बघितला नाहीस, आणि बापही बघितला नाहीस.”